टाकाऊ चित्रपटांचे वारसदार

सन 1962 मध्ये जपानात 'निकुताइ नो इचिबा', म्हणजे 'देहाचा बाजार', ह्या नावाचा एक लहानसा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कोबायाशी सातोरु. पोलिसांनी त्यास हरकत घेतली, त्यात काटछाट झाली, आणि त्या गवगव्याने त्याचा गल्ला वाढला तो वाढलाच. पुढे ज्या हजारो चित्रपटांस 'पिंक एइगा', म्हणजे गुलाबी चित्रपट, हे नाव पडले, त्यांच्या वंशावळीत पहिला मान सामान्यतः ह्यासच देण्यात येतो. आज तो कोणासही संपूर्ण पाहता येत नाही. त्याचा काही मिनिटांचा तुकडा तेवढा शिल्लक आहे. ज्या घराण्याचा मूळ पुरुषच असा छिन्न होऊन उरला आहे, त्याच्या वारशावर आज इतक्या जणांनी हक्क सांगावा, ह्याचे आम्हांस प्रथमपासून कुतूहल वाटत आले आहे.

ह्या जातीच्या चित्रपटांना इंग्रजीत 'एक्स्प्लॉइटेशन' म्हणतात. त्यास मराठीत 'शोषण' म्हणावे, तर अर्थ अर्धाच येतो. धंद्याच्या भाषेत त्याचा भाव एवढाच की, ज्या चित्रपटापाशी नावाजलेला नट नाही आणि ओतावयास पैसा नाही, त्याने नग्नता, छळ, खून, तुरुंग असा एखादा खळबळजनक विषय घ्यावा व त्याचा पुरेपूर फायदा उठवावा. आता फायदा उठविला जातो तो विषयाचा, तिकीट काढून अंधारात बसलेल्या प्रेक्षकाच्या वासनेचा, की पडद्यावर उभ्या असलेल्या बाईचा, हे त्या शब्दाने मोघमच ठेवले आहे. धंद्यास हे मोघमपण सोयीचे होते. पण संग्राहक आणि इतिहासकार ह्या दोघांनीही ते जसेच्या तसे उचलले, आणि आमची मुख्य तक्रार तीच आहे.

तक्रारीपूर्वी हकीकत सांगितली पाहिजे. सन 1958 मध्ये जपानी चित्रगृहांत 112 कोटींहून अधिक तिकिटे खपली. 1963 मध्ये हा आकडा 51 कोटींवर आला आणि 1972 मध्ये 19 कोटींच्याही खाली घसरला. दूरचित्रवाणीने घरातली माणसे घरातच ठेवली. बाहेर उरला तो शहरात एकटा राहणारा पुरुष. त्याच्यासाठी जो माल निघाला तो प्रथम मोठ्या कंपन्यांनी काढला नाही. 1961 मध्ये शिन्तोहो ही कंपनी बुडाली. तिचे माजी प्रमुख ओकुरा मित्सुगु हे तरुणपणी मूकपटांचे निवेदक होते. चित्र चालू असता बाजूस उभे राहून कथा सांगणारा तो जपानी 'बेन्शी' होय. ह्या ओकुरांसारख्या माणसांनी व अनेक किरकोळ निर्मात्यांनी ही नवी पेठ वसविली. 1963 मध्ये मुराइ मिनोरू ह्या पत्रकाराने तिला 'गुलाबी' हे विशेषण दिले. तीस लाख येनांच्या आसपास खर्च, मोजक्या दिवसांचे चित्रण, तासाभराची लांबी, आणि चित्र कृष्णधवल. पण शृंगाराचा प्रसंग आला की पडदा एकाएकी रंगीत व्हावयाचा. रंगीत फिल्मची काटकसर कोठे करावी ह्याविषयी निर्मात्यांच्या मनात तिळमात्र संशय नव्हता. असे तीन चित्रपट एका तिकिटात दाखवीत.

मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. तोएइ कंपनीने 1968 पासून इशिइ तेरुओ ह्यांच्याकडून जुन्या राजवटीतील शिक्षा व छळ ह्यांची रंगीत प्रदर्शने करून घेतली. ती इतकी भडक होती की, कंपनीच्या क्योतो येथील साहाय्यक दिग्दर्शकांनीच 1969 मध्ये त्यांचा जाहीर निषेध केला. 1971 च्या नोव्हेंबरात निक्कात्सु ह्या जुन्या व प्रतिष्ठित कंपनीने दिवाळे टाळण्यासाठी आपला सारा कारखाना 'रोमान पोरुनो' नावाच्या मालिकेस जुंपला. 1988 पर्यंत त्या नावाखाली अकराशेच्या आसपास चित्रपट निघाले. करार असा की, ठराविक मिनिटांनी एक शृंगारप्रसंग आला पाहिजे. मग उरलेल्या वेळात दिग्दर्शकाने हवे ते करावे. ह्या 'हवे ते'मध्ये पुष्कळ चांगले काम होऊन गेले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

ह्यांपैकी कोणतीही वस्तू टिकावी म्हणून केलेली नव्हती. टिकली ती कशी? निक्कात्सुची चित्रे टिकली, कारण निक्कात्सु टिकली. कंपनीच्या दृष्टीने ती मालमत्ता होती, आणि मालमत्तेस कोठार मिळते. म्हणूनच 2016 मध्ये तिला आपल्या मालिकेच्या पंचेचाळिसाव्या वर्षाचे निमित्त करून, जुन्याच अटींवर, पाच नामांकित दिग्दर्शकांकडून नवे चित्रपट काढून घेता आले. तोएइचेही तसेच. परंतु किरकोळ निर्मात्यांच्या गुलाबी चित्रपटांचे हाल झाले. कचेरी बंद पडली की मूळ फिल्मचा धनी नाहीसा होई. प्रती गावोगाव फिरून झिजत, आणि झिजलेली प्रत फेकून देणे हाच व्यवहार असे. अशा वेळी जी माणसे डबे उचलून घरी घेऊन गेली, त्यांच्यावाचून आज इतिहास लिहावयास काही उरलेच नसते. कोबे शहरात 2007 पासून उघडलेला खाजगी चित्रसंग्रह हे ह्या वृत्तीचे मोठे उदाहरण आहे. सरकारी संग्रहालयाने ज्याकडे पाहताना नाक मुरडले असते, ते तेथे आणि त्यासारख्या घरगुती संग्रहांत जमत गेले. भित्तिपत्रके तर त्याहून अधिक वाचली. तोक्योच्या जिम्बोचो ह्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात ती हाताळताना एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. पुष्कळ चित्रपट आज केवळ आपल्या जाहिरातीच्या रूपाने जिवंत आहेत. माल गेला, पाटी राहिली.

परदेशी संग्राहकांचे ऋण त्याहून निराळे. इशिइ ह्यांचा 1969 चा 'क्योफु किकेइ निंगेन' हा चित्रपट घ्या. एदोगावा राम्पो ह्यांच्या कथांवरून तो रचलेला असून त्याच्या नावातच व्यंग असलेल्या माणसांचा भीतिदायक म्हणून उल्लेख आहे. त्यामुळे स्वदेशी चित्रफितींचा सारा काळ लोटला तरी त्याची अधिकृत चित्रफीत निघाली नाही. कोठे एखाद्या जुन्या चित्रपटांच्या गृहात तो अधूनमधून दाखवीत, एवढेच. अमेरिकेत 2007 साली त्याची तबकडी निघाली. जपानात ती निघावयास 2017 उजाडले. म्हणजे दहा वर्षेपर्यंत जपानी मनुष्यास आपल्याच देशाचा हा चित्रपट घरी पाहावयाचा झाल्यास तो परदेशातून मागवावा लागे. आणि तो पाहण्याजोगा आहे काय? आमच्या मते त्यातील कथा विस्कळित आहे आणि व्यंगाकडे पाहण्याची दृष्टी तर जत्रेतल्या तंबूवाल्याची आहे. परंतु त्यात समुद्राकाठच्या खडकांवरून वाकडीतिकडी पावले टाकीत एक पुरुष येतो, आणि त्याच्या त्या चालीपुढे सारी कथा क्षणभर फिकी पडते. तो पुरुष म्हणजे 'बुतो' ह्या आधुनिक नृत्याचा प्रवर्तक हिजिकाता तात्सुमि. 1986 मध्ये तो वारला. त्याच्या अंगविक्षेपांची चालती नोंद मुळात थोडी, आणि तीतील एक ठळक नोंद ह्या नाक मुरडण्याजोग्या चित्रपटात आहे. नृत्याच्या अभ्यासकाने हा चित्रपट टाकून कसा चालेल? संग्राहकाचा हव्यास येथे विद्वानाच्या विवेकापेक्षा शहाणा ठरला, हे कबूल केले पाहिजे.

हव्यास नेहमीच असा शहाणा असतो, असे मात्र नाही. संग्राहक जमवितो ते त्यास आवडते म्हणून. त्याचे कपाट हे त्याच्या रुचीचे चित्र असते, काळाचे नव्हे. घोटाळा होतो तो इतिहासकार त्या कपाटासच काळ समजू लागला म्हणजे. 'पिंकी व्हायोलन्स' ह्या नावाची कथा ह्या बाबतीत बोधप्रद आहे. 1970 च्या आगेमागे तोएइने काढलेल्या बंडखोर मुलींच्या, स्त्रीकैद्यांच्या व सुरी चालविणाऱ्या नायिकांच्या चित्रपटांस आज हे नाव सर्वत्र लावतात. ते चित्रपट निघाले तेव्हा असा एखादा पंथ म्हणून त्यांची कोणी गणना करीत नव्हते. हे नाव खऱ्या अर्थाने रूढ झाले ते 1999 साली तोक्योत निघालेल्या एका सचित्र संग्रहग्रंथाने. 2005 मध्ये अमेरिकेत त्याच नावाची तबकड्यांची पेटी विकावयास आली. मग त्या पेटीत जे चार चित्रपट होते त्यांच्या गुणांवरून पंथाची लक्षणे बांधण्यात आली, आणि त्या लक्षणांत जे बसत नव्हते ते पंथाबाहेरचे ठरले. शेतातून निवडून आणलेल्या चार कणसांवरून साऱ्या गावाचे पीक सांगावे, तसा हा प्रकार झाला. घरसंसाराची रडगाणी, विनोदी फार्स, खेड्यातील प्रणयकथा ह्यांनी गुलाबी चित्रपटांचा मोठा भाग व्यापला होता. त्यांत ना सुरी, ना बंड, ना जाहिरातीवर शोभेल असे काही. म्हणून त्यांस ग्राहक नाही, तबकडी नाही, आणि ओघानेच इतिहासही नाही.

ह्या बाबतीत अलीकडच्या काही ग्रंथकारांनी मार्ग सुधारला आहे, हे सांगणे न्याय्य होईल. जॅस्पर शार्प ह्यांचा 2008 चा मोठा ग्रंथ प्रेमाने लिहिला असूनही डोळसपणे लिहिला आहे. अलेक्झांडर झाल्टेन ह्यांनी 2017 च्या आपल्या ग्रंथात तर चित्रपटांपेक्षा धंद्याकडेच अधिक पाहिले आहे: चित्र कोण काढी, कोणत्या गृहात लागे, पैसा कोणाकडे जाई. आम्हांस हीच वाट अधिक खात्रीची वाटते. डोनाल्ड रिची ह्यांनी 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ह्या चित्रपटांवर जो निबंध लिहिला त्याचा सूर कठोर आहे, आणि नव्या मंडळीस तो रुचत नाही. परंतु रिची त्या अंधाऱ्या गृहात त्याच प्रेक्षकांमध्ये बसून आले होते, आणि तो कठोरपणा तेथून आलेला आहे. घरी बसून स्वच्छ केलेली प्रत पाहणाऱ्यास ते गृह दिसत नाही.

इतिहासकारांचा दुसरा एक दोष आहे. ह्या चित्रपटांस सभ्य समाजात प्रवेश मिळवून देण्यासाठी त्यांनी राजकारणाचा परवाना काढला आहे. ह्या परवान्याचे मूळ पाहिले तर ते खोटे नाही. ताकेची तेत्सुजी हे काबुकीच्या रंगभूमीवरून आलेले दिग्दर्शक. त्यांच्या 1965 च्या 'कुरोइ युकि'मध्ये अमेरिकन विमानतळाच्या कुंपणालगत एक नग्न स्त्री धावत जाते. तो प्रसंग केवळ नग्नतेसाठी आहे असे म्हणणारा मनुष्य आंधळाच म्हणावा लागेल. त्याच वर्षी वाकामात्सु कोजी ह्यांचा 'काबे नो नाका नो हिमेगोतो', म्हणजे 'भिंतीआडची गुपिते', हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला. जपानी निर्मात्यांच्या संघास वळसा घालून एका जर्मन वितरकाने तो नेला होता. नव्या वसाहतीतील एकसारख्या खोल्या, अंगावर अणुबाँबचे व्रण वागविणारा पुरुष, भिंतीवर स्तालिनची तसबीर, आणि शेजारच्या खिडकीतून दुर्बिणीने पाहणारा तरुण. जपानात ह्या चित्रपटास 'राष्ट्राची लाज' म्हणून झोडपण्यात आले. आज त्याच चित्रपटास युद्धोत्तर जपानचा आरसा म्हणून गौरविण्यात येते. दोन्ही निकालांत चित्रपटापेक्षा जपान ह्या शब्दावरच अधिक भर आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

परवाना खरा असला तरी तो सर्वांस लागू नाही, आणि ज्यांस लागू आहे त्यांच्याही प्रत्येक प्रसंगास लागू नाही. वाकामात्सु ह्यांच्या चित्रपटांत स्त्रीवरील अत्याचार इतक्या वेळा येतो की, दर वेळी तो राज्यसत्तेचे रूपकच आहे असे म्हणणे म्हणजे त्या स्त्रीस दुसऱ्यांदा पडद्याआड करणे होय. रूपक पुरुषाचे, संताप पुरुषाचा, राजकारण पुरुषाचे. देह तेवढा तिचा. हे दिग्दर्शक थोर होते की नव्हते हा प्रश्न आम्ही मुद्दाम बाजूस ठेवतो. वाकामात्सु ह्यांच्या अंगी विलक्षण जोम होता ह्याविषयी आम्हांस शंका नाही. 2012 मध्ये ते वारले तोपर्यंत तो ओसरला नव्हता. परंतु जोम पाहून आम्ही माफी देत सुटलो, तर आमच्यात आणि तिकिटाच्या खिडकीवर बसलेल्या मनुष्यात फरक काय राहिला?

ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण आम्ही सविस्तर घेतो, कारण संग्राहकांचे सर्वांत आवडते चित्र तेच आहे. 1972 मध्ये तोएइने इतो शुन्या ह्या दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटात काजी मेइको हिला स्त्रीकैदी क्रमांक 701, 'सासोरी', म्हणजे विंचू, म्हणून उभी केली. चित्रपटाचा आरंभ तुरुंगाधिकाऱ्याच्या सन्मानसमारंभाने होतो. राष्ट्रगीत चालू असते आणि मध्येच कैदी पळाल्याचा भोंगा वाजतो. हा टोला इतो ह्यांचा. पुढे छळाचे जे प्रसंग आहेत ते मात्र बाजारी आहेत आणि त्यांची लांबी कोणत्याही विचाराने समर्थनीय नाही. तरीही हा चित्रपट मनातून जात नाही, त्याचे कारण काजीची मुद्रा. ती जवळजवळ बोलतच नाही, पाहते. हे मौन मूळ लेखनात नव्हते. नायिकेच्या तोंडी घातलेली शिवराळ भाषा काजीस पसंत पडली नाही. तिने ती बोलावयाचे नाकारले, आणि त्यातून ही अबोल नायिका निर्माण झाली, असे तिने स्वतः पुढे सांगितले आहे. म्हणजे आज जगभरच्या भिंतींवर जी नजर टांगलेली आहे ती एका नटीच्या नकारातून आलेली आहे! 2003 मध्ये अमेरिकन दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो ह्यांच्या 'किल बिल'मधून तिचे गाणे साऱ्या जगात गेले, आणि त्या गाण्यामागून शेकडो तरुण ह्या जुन्या चित्रपटांकडे वळले. त्यांपैकी पुष्कळांनी भित्तिपत्रक घेतले. तिच्या नकाराची हकीकत ज्यांनी घेतली ते थोडे.

आता ज्या एका प्रकरणामुळे आम्ही हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. 1972 च्या आरंभी निक्कात्सुच्या काही चित्रपटांवर अश्लीलतेचा आरोप आला. दिग्दर्शकांबरोबर चित्रपट तपासणाऱ्या 'एइरिन' ह्या मंडळाचे परीक्षकही आरोपी झाले. खटला लांबला. 1978 मध्ये सारे निर्दोष ठरले आणि 1980 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यापूर्वी ताकेची ह्यांचीही सुटका झालेली होती. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा इतिहास लिहिणारे हे निकाल अभिमानाने सांगतात, आणि आम्हीही त्यांचे स्वागतच करतो. परंतु त्याच 1972 मध्ये कुमाशिरो तात्सुमि ह्यांचा 'इचिजो सायुरि: नुरेता योकुजो' हा निक्कात्सुचा चित्रपट आला. इचिजो सायुरि ही खरीखुरी वस्त्र उतरविणारी नर्तकी. मोठ्या लौकिकाची. चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली, आणि तिच्याशी स्पर्धा करू पाहणाऱ्या मुलीची भूमिका इसायामा हिरोको हिने इतक्या चपळ, खोडकर व निर्लज्ज ढंगाने केली की, 'किनेमा जुन्पो' ह्या प्रतिष्ठित नियतकालिकाने तिला त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री ठरविले. चित्रपट खरोखरच चांगला आहे. नाच हे तेथे पोट भरण्याचे काम आहे. त्यात घाम आहे, मत्सर आहे, आणि कसब आहे. पोलिसांची धाड हीदेखील त्यातील कथेचाच एक भाग आहे.

त्याच वर्षी ओसाका येथे इचिजो सायुरि हिला तिच्या निवृत्तीच्या प्रयोगात अटक झाली. तिच्यावर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तिला शिक्षा झाली. ती तिने तुरुंगात भोगली. ज्यांनी कॅमेऱ्यामागे उभे राहून असे प्रसंग चित्रित केले ते सुटले, ज्यांनी ते तपासले ते सुटले. जिने रंगमंचावर स्वतःच्या अंगाने ते काम केले ती आत गेली. कायद्याच्या दृष्टीने हे दोन निराळे खटले होते, हे आम्ही जाणतो. पण वारशाचा हिशेब मांडताना ते शेजारी शेजारी ठेवले पाहिजेत, आणि संग्राहकांच्या सूचीत ते शेजारी येत नाहीत. तेथे कुमाशिरो ह्यांच्या नावाखाली चित्रपट येतो, आणि चित्रपटाच्या नावातच गोठून राहिलेली ती स्त्री एक शब्द होऊन जाते. 1997 मध्ये ती वारली. अखेरची वर्षे तिने ओसाकाच्या कामागासाकि ह्या रोजंदारी मजुरांच्या वस्तीत दारिद्र्यात काढली.

सूचीच कशी बदलावी ह्याचे एक उदाहरण सुदैवाने बर्लिननेच घालून दिले आहे. 1965 मध्ये ज्या महोत्सवातून 'राष्ट्राची लाज' हा ओरडा निघाला, त्याच्याच 'फोरम' विभागात 2018 साली जुन्या गुलाबी चित्रपटांची एक लहान मालिका दाखविण्यात आली. तीत मुकाइ कान ह्यांचा 1969 चा एक, यामातोया आत्सुशी ह्यांचा 1967 चा एक आणि अदाची मासाओ ह्यांचा 1971 चा एक, असे तीन चित्रपट होते. पण मालिका ह्या तिघांपैकी कोणाच्याही नावाने नव्हती. ती सातो केइको ह्या निर्मातीच्या सन्मानार्थ होती. कोकुएइ ह्या संस्थेतून तिने दशकानुदशके असे चित्रपट काढले, होतकरू दिग्दर्शकांस पहिले काम दिले, आणि श्रेयनामावलीत मात्र 'आसाकुरा दाइसुके' हे पुरुषाचे नाव लावले. ज्या संग्राहकांनी तिचे चित्रपट जपून ठेवले त्यांच्या भित्तिपत्रकांवरही तेच नाव छापलेले आहे.